हरवलेल्या पार्सलाची भरपाई

टपालाने माल विकण्याचा धंदा आपल्याकडे नवा नव्हे. एकोणिसाव्या शतकापासून मराठी पुस्तके, पंचांगे आणि औषधे व्ही. पी.ने गावोगाव जात आली आहेत. त्या काळी पार्सल हाती पडल्यावर टपालवाला पैसे घेई, म्हणून गिऱ्हाईक निश्चिंत असे. धास्ती असे ती विक्रेत्याला. आज दुकान फोनच्या पडद्यावर आले आणि पैसे बहुधा आधीच येऊ लागले. धास्ती मात्र होती तेथेच आहे. पार्सल वाटेत नाहीसे झाले, की त्याची झळ शेवटी पाठविणाऱ्यालाच लागते.

इंदूरमध्ये राहणारी एखादी गृहिणी डोळ्यांसमोर आणावी. महेश्वरच्या विणकरांकडून ती सुती-रेशमी साड्या आणते, त्यांची छायाचित्रे फोनवरून प्रसृत करते आणि पुणे, ठाणे, नागपूर येथील स्त्रियांना टपालाने पाठविते. एका साडीमागे तिला चार-साडेचारशे रुपये सुटतात. ४२०० रुपयांची एक साडी ठाण्याच्या वाटेवर नाहीशी होते. संगणकावरची शेवटची नोंद कुठल्याशा वर्गीकरण केंद्राची. त्यापुढे आठ दिवस काहीच नाही. ठाण्याच्या बाई पहिल्या दिवशी सौम्यपणे चौकशी करतात, पाचव्या दिवशी त्यांचा सूर बदलतो. या एका साडीचे नुकसान भरून काढण्यास आणखी नऊ-दहा साड्या विकाव्या लागणार, हे त्या गृहिणीला कागदपेन्सिल न घेताही समजते.

नुकसान कायद्याने कोणाचे? १९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम ३९ सांगते, की विक्रेत्याने माल वाहकाच्या स्वाधीन केला म्हणजे सकृद्दर्शनी तो खरेदीदाराला पोचला. हे वाचून विक्रेत्याने हुरळून जाऊ नये. त्याच कलमात पुढे म्हटले आहे, की वाहकाशी योग्य तो करार करणे हे विक्रेत्याचे काम. त्याने ते टाळले आणि माल गहाळ झाला, तर खरेदीदार त्याला जबाबदार धरू शकतो. शिवाय २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी ठरल्या मुदतीनंतर पोचलेल्या मालाचे पैसेही परत करण्यास विक्रेता सामान्यतः नकार देऊ शकत नाही. मग मुळीच न पोचलेल्या मालाची गोष्ट बोलायला नको. तेव्हा ठाण्याच्या बाईंचे पैसे परत करणे प्राप्तच आहे. भरपाई मागायची ती टपालखात्याकडे.

येथेच पुष्कळांचा पहिला भ्रमनिरास होतो. टपालखाते हरवलेल्या वस्तूची किंमत देत नाही. १८९८ च्या टपाल कायद्याने, सरकारने स्पष्ट शब्दांत पत्करलेल्या जबाबदारीपलीकडे, खात्याला मोकळे ठेवले होते. त्या कायद्याची जागा घेणारा २०२३ चा कायदा १८ जून २०२४ पासून अंमलात आला. त्यातील दहावे कलमही थोड्याफार फरकाने तेच सांगते. नियमांत जेवढी जबाबदारी लिहिली असेल, तेवढीच खात्याची. स्पीड पोस्टासाठी १९९९ मध्ये नियमांत घातलेला हिशेब असा होता: वस्तू हरवली, तिच्यातील जिन्नस गेला किंवा खराब झाला, तर भरलेल्या हशिलाच्या दुप्पट रक्कम किंवा एक हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल ते मिळावे. समजा, त्या साडीचे हशील ८० रुपये पडले होते. म्हणजे ४२०० रुपयांच्या साडीची भरपाई १६० रुपये झाली.

हे ऐकून कोणाचेही माथे भडकेल. पण खात्याच्या बाजूचा विचारही करून पाहावा. खिडकीवरच्या कारकुनापुढे दोन सारखीच पुडकी येतात. एकात चारशे रुपयांचा परकर, दुसऱ्यात चार हजारांची साडी. दोन्हींचे वजन तेच, हशीलही तेच. आत काय आहे हे खात्याला सांगितलेलेच नाही. मग त्या किमतीची हमी त्याने कशावर द्यावी? हे म्हणणे गैरवाजवी नाही. बोचते ते एवढेच, की छोट्या व्यापाऱ्यांना आपल्याकडे बोलाविणाऱ्या खात्याने हा भेद खिडकीवर ठळक अक्षरांत सांगायला हवा होता. तो पावतीच्या पाठीवर आणि नियमांच्या पुस्तकात दडून राहतो.

खात्याला किंमत सांगण्याची रीत आहे. तिचे नाव विमा. थोडी अधिक रक्कम भरून वस्तूची किंमत जाहीर केली, की गहाळ झाल्यास त्या किमतीच्या मर्यादेत प्रत्यक्ष नुकसान मागता येते. किंमत खरी असावी. वाढवून लिहिली तर जास्त पैसे मिळत नाहीत, उलट दावाच संशयात येतो. हशील वाचवण्यासाठी कमी लिहिली तर तेवढ्यावरच समाधान मानावे लागते. प्रत्येक पार्सलाचा विमा उतरविणे परवडत नाही, हेही खरे. इंदूरच्या त्या गृहिणीने स्वतःपुरती एक रेघ आखून घ्यावी: अमुक किमतीच्या आतले पार्सल साधे, त्यावरचे विम्याचे. बुडलेल्या साड्यांचा वर्षाचा हिशेब मांडला, की रेघ कोठे ओढायची ते कळते. नोंदणी टपाल १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात मिळविले गेले आहे आणि दर बदलत असतात. म्हणून चालू नियम खिडकीवर विचारून घ्यावा.

आता दाव्याचे कागद. पहिला कागद पावतीचा. तिच्यावर तेरा अक्षरांचा क्रमांक असतो: आरंभी दोन रोमन अक्षरे, मध्ये नऊ अंक, शेवटी भारताची दोन अक्षरे. नवव्या अंकावरून आधीचे आठ बरोबर लिहिले की नाहीत ते यंत्र पडताळते. म्हणून तक्रारीत एक अंक चुकला, तर पार्सलच सापडत नाही. अशा पावत्या बहुधा उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असतात आणि काही महिन्यांत कोऱ्या पडतात. त्याच दिवशी छायाचित्र काढून ठेवावे. पावतीवरचे वजनही मोलाचे. पार्सल पोचले पण आतली साडी गेली, असे झाल्यास पाठविताना ४८० ग्रॅम आणि पोचताना १५०, हा फरक वादापेक्षा अधिक बोलतो. घेणाऱ्याला पुडके फाटलेले दिसले, तर सही करण्यापूर्वी टपाल कार्यालयातच उघडून देण्याची मागणी करावी.

याशिवाय ग्राहकाला दिलेले बिल, पैसे आल्याची बँकेची नोंद आणि वस्तू मिळाली नाही असे ग्राहकाचे दोन ओळींचे लेखी निवेदन हवे. हे शेवटचे पुष्कळ जण विसरतात. तक्रार पाठविणाऱ्याची असली, तरी ‘मिळाले नाही’ हे घेणारीच सांगू शकते. तक्रार लेखी करावी, तिचा क्रमांक घ्यावा आणि उशीर करू नये.

सगळ्यात अवघड दावा हरवलेल्या पार्सलाचा नसून, नोंदीत ‘पोचले’ असे लिहिलेल्या पार्सलाचा. ठाण्याच्या बाई शपथेवर नाही म्हणतात आणि संगणक हो म्हणतो. अशा वेळी कोणावरही आळ घेण्याआधी बटवड्याचा पुरावा मागावा: सही कोणाची, फोनवरचा सांकेतिक अंक घेतला होता का, दिले कोणाच्या हाती. पुष्कळदा उत्तर इमारतीच्या पहारेकऱ्याच्या खोलीत सापडते. साध्या विनंतीने कागद मिळाला नाही, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये भरून तो मागता येतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

खाजगी कुरिअरने पाठविणारांनी ते अधिक सुरक्षित आहेत असे समजू नये. तेथेही पावतीवर बारीक अक्षरांत मर्यादा असते. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात, जर्मनीला पाठविलेली कागदपत्रे पोचली नाहीत म्हणून एका कापड व्यावसायिक संस्थेने मोठी रक्कम मागितली होती. सही केलेल्या पावतीवर शंभर डॉलरांची मर्यादा होती, तेवढेच मिळाले. घरपोच कुरिअर सेवांनाही लागू असणाऱ्या २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्यात आणखी एक अट आहे: माल नोंदविल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी सूचना दिली नसेल, तर दावाच चालत नाही. ‘बघतो, करतो’ अशा फोनवरच्या आश्वासनांत हे सहा महिने निघून जातात.

ग्राहक आयोगाचा दरवाजा दोन वर्षांपर्यंत उघडा असतो, आणि फिर्याद आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते. मात्र विक्रेत्याला तेथे विचारले जाते, की सेवा व्यापारासाठी घेतली होती काय. घरबसल्या चार साड्या विकून पोट भरणारी स्त्री आणि गोदाम असलेला व्यापारी यांत फरक आहे. तो तिने कागदांनिशी दाखवावा लागतो.

परदेशी पार्सलांसाठी जागतिक टपाल संघाचे नियम आहेत. चौकशी पाठविल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिन्यांत करावी लागते, आणि पार्सल पुरते हरवले तर भरपाईचा हक्क पाठविणाऱ्याचा; तो घेणाऱ्याच्या नावे सोडून देता येतो. त्या नियमांत एक तरतूद मोठी माणूसपणाची आहे. भरपाई दिल्यावर पार्सल सापडले, तर पाठविणाऱ्याला तसे कळवितात. मिळालेली रक्कम परत केली, तर तीन महिन्यांपर्यंत ते पार्सल त्याला घेता येते. साडी असेल तर ती घडीवर पिवळी पडली आहे का, ते आधी उघडून पाहावे आणि मगच पैसे परत करावेत.