मुलांशी बोलायला लाजू नका
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही काही डॉक्टर नाही. सातवी शिकून गिरणीत लागलो, बाकीचे शिक्षण वाचनालयात झाले. तरी ज्या विषयावर आपल्या घरात कुणी तोंड उघडत नाही, तो आज मांडतो.

आमचा मुलगा पंधरा वर्षांचा असताना गप्प गप्प राहू लागला. जेवणही तुटलं. पुढे कळलं, भिंतीवरची 'गुप्तरोगा'ची जाहिरात वाचून तो एका भोंदूकडे पैसे भरत होता. रोग कसला? झोपेत वीर्य जाणं! या वयात ते होतंच, त्यानं ताकद जात नाही. एवढं एक वाक्य आम्ही बोललो असतो तर पोराचे सहा महिने भीतीत गेले नसते. पोरगं चुकलं नाही, बाप चुकला.

मुलींचं तेच. आई आधी सांगत नाही, मग पोरगी रक्त बघून घाबरते. लाजेपायी पाळीचा कपडा अंधारात ओलाच दडवते. तो स्वच्छ धुऊन उन्हात वाळवायला हवा, नाहीतर जंतू वाढतात.

काहीजण म्हणतील, बोललं तर पोरं बिघडतील. पण न बोलल्यानं त्यांचे प्रश्न थांबतात का? मग उत्तर मोबाईल देतो, नाहीतर तो भिंतीवरचा भोंदू देतो. आणि उद्या कुणी अंगाला नको तिथं हात लावला, तर घरी सांगायला पोराजवळ शब्द तरी हवेत ना?

र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढीत. वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यात उत्तरे देत. त्यावरून खटला झाला, तेव्हा १९३४ साली कर्व्यांची बाजू मांडायला स्वतः बाबासाहेब उभे राहिले. खटला हरला, पण विचार हरला नाही. ज्या प्रश्नांसाठी बाबासाहेब कोर्टात उभे राहिले, ते आपण घरात दाबायचे काय?

म्हणून विनंती एवढीच. मुलगी दहाची व्हायच्या आत आईनं पाळीचं सांगावं. मुलाला बापानं जवळ बसवावं. पोरानं काही विचारलं तर हात उगारू नका. आपल्याला माहीत नसेल तर त्याला घेऊन सरकारी दवाखान्यात जा. सुरुवात आज रात्री जेवण झाल्यावरच करा.

जय भीम!