देणे कोणाच्या चलनात?
(गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला आहे ‘बदलते जागतिक अर्थकारण’. मी काही अर्थशास्त्रज्ञ नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या रस्त्यांच्या कामावर आहे. पण रस्त्याला डांबर लागते, आणि डांबर येते कच्च्या तेलातून. रिफायनरी आपल्या कोयलीची असली तरी देशाचे बहुतेक तेल परदेशातून, डॉलर मोजून येते. तेलाचा भाव जागच्या जागी राहिला आणि नुसता रुपया घसरला, तरी आमचे अंदाजपत्रक कोलमडते. माझे या विषयाचे वाचन सुरू झाले ते तिथून.

वर्तमानपत्रे हल्ली क्रमांक सांगतात. अमुक देश चौथा, तमुक पाचवा. मला ही मोजपट्टी अपुरी वाटते. कोण कोणाचे देणे लागतो आणि ते देणे कोणाच्या चलनात लिहिले आहे, हे आधी पाहावे. याचा उत्तम दाखला आपल्याच देशाचा आहे, आणि त्यात एक मराठी माणूस आहे.

महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे ४४ देशांची परिषद भरली. नाणेनिधी आणि जागतिक बँक तिथेच ठरली. भारताच्या शिष्टमंडळात चिंतामणराव होते. प्रमुख मात्र इंग्रज, सर जेरेमी रेझमन.

त्या वेळी भारत ब्रिटनचा धनको होता, ऋणको नव्हे! युद्धासाठी इंग्रजांनी इथून धान्य, कापड, माल उचलला, सैन्याचा खर्च भागवला, आणि त्यातला मोठा वाटा लंडनमध्ये आपल्या खात्यावर पौंडांत लिहून ठेवला. त्या पौंडांच्या आधारावर इथे रिझर्व्ह बँकेने नोटा छापल्या. महागाई भडकली. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली, त्यामागे ही महागाईही होती. म्हणजे ती बाकी उपाशी पोटांतून साठली होती. युद्ध संपले तेव्हा आकडा सुमारे १३० कोटी पौंडांवर गेला होता.

आपल्या लोकांनी परिषदेत मागणी केली की या अडकलेल्या पौंडांपैकी काही भाग तरी डॉलरमध्ये बदलून मिळण्याची सोय नाणेनिधीने करावी. यंत्रसामग्री अमेरिकेकडे होती, ब्रिटनकडे विकायला फारसे काही उरले नव्हते. ब्रिटनच्या बाजूने केन्स म्हणाले, हा आमचा आणि भारताचा आपसातला मामला आहे. मागणी मान्य झाली नाही. पुढे १९४७ च्या करारात पैसे हप्त्याहप्त्याने सोडायचे ठरले. त्यातच सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले. ४.०३ डॉलरचा पौंड २.८० वर आला. आपल्या उरलेल्या शिलकीची डॉलरमधली किंमत एका रात्रीत तीस टक्क्यांनी उतरली. सावकार आपण, पण चलन कर्जदाराचे!

(हेच चिंतामणराव पुढे अर्थमंत्री झाले आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन बाहेर पडले, हे आपल्या मुलांना सांगायला हरकत नाही.)

पौंडाची गादी डॉलरकडे गेली. ३५ डॉलरला एक औंस सोने हा शब्द अमेरिकेने १५ ऑगस्ट १९७१ ला मागे घेतला, तरी गादी टिकली, कारण तेल डॉलरमध्येच विकले जात राहिले. १९९१ साली आपल्या रिझर्व्ह बँकेला ४७ टन सोने परदेशी गहाण ठेवावे लागले, ते याच डॉलरच्या टंचाईपायी.

आता सत्ता सरकते आहे म्हणतात. सरकते आहे, पण दमाने. नाणेनिधीत मोठ्या निर्णयाला ८५ टक्के मते लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून अधिक आहेत. तिच्याशिवाय पान हलत नाही. भारताकडे पावणेतीन टक्केही नाहीत.

२०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर पाश्चात्त्य देशांनी रशियाची सुमारे ३०० अब्ज डॉलर किमतीची गंगाजळी गोठवली. तेव्हापासून अनेक देशांच्या मध्यवर्ती बँका सावध झाल्या. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही शंभर टनांहून अधिक सोने इंग्लंडातून मायदेशी आणले. मला हे पाऊल योग्य वाटते.

मग आपण रशियाशी रुपयांत व्यवहार करायला निघालो. त्यांनी तेल विकले, आपण त्यांना तेवढा माल विकला नाही. मे २०२३ मध्ये गोव्यात आलेल्या रशियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी जाहीरच सांगितले की भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये पडून आहेत, ते वापरता येत नाहीत. तसे शिल्लक रुपये भारत सरकारच्या रोख्यांत गुंतवण्याची मुभा आपण दिलेली आहे. १९४५ साली रिझर्व्ह बँकेचे पौंडही लंडनमध्ये ब्रिटिश सरकारच्या रोख्यांतच पडून होते.