पाठ असलेली गाणी

आम्ही जुन्नर-आंबेगावच्या शिवेवरच्या एका लहानशा चर्चच्या महिला मंडळातल्या बाया. आज बोलायचंय ते आमच्या गाण्याबद्दल. तुमच्यातल्या बऱ्याच जणी हरिपाठाला, भजनाला बसणाऱ्या, तेव्हा आमची अडचण तुम्हाला चटकन कळेल.

आमच्याकडे रविवारच्या उपासनेला पूर्वीपासून पेटी, तबला अन् टाळ. गाणी 'उपासना संगीत' या पुस्तकातली. मग चाकणला कंपनीत जाणाऱ्या पोरांनी पैसे जमवून कीबोर्ड आणला, पाठोपाठ ड्रम आला, भिंतीवर शब्द दाखवायला प्रोजेक्टर आला. गाणी नवी, निम्मी हिंदी. आम्हाला आवडलं, खोटं कशाला बोलायचं? मागच्या बाकावर मोबाइल बघत बसणारी पोरं पुढं येऊन गायला लागली होती.

पण काही महिन्यांनी ध्यानात आलं, की आमची एक आजी गायची थांबलीय. पंचाहत्तरी ओलांडलेली, शाळेची पायरी न चढलेली. पण गाणी शेकड्यानं पाठ. वीज गेली, पुस्तक दिसेना, की तीच गाणं उचलायची आणि आम्ही सगळ्या तिच्या मागं. तिला विचारलं तर म्हणाली, "भिंतीवरचं मला वाचता येत नाही, अन् मला येतं ते आता कुणी म्हणत नाही. मी आपली हात जोडून बसते."

हे ऐकून आम्हाला रात्री झोप लागली नाही. त्या भिंतीपुढं एकटी आजीच नव्हती. मोतीबिंदू झालेल्या होत्या, अंगठा लावणाऱ्या होत्या. त्या रोज येत होत्या, पण मुक्यानं.

बैठक बोलावली, तर तिथं भांडणच जुंपलं. पोरं म्हणाली, जुन्या चाली रडक्या आहेत. मोठी माणसं म्हणाली, ही उपासना आहे की वरात? टाळ-पेटी ही आपली बापजाद्यांची रीत, तिला हात लावायचा नाही.

आता ही रीत तरी कुठून आली? मिशनरी आले तेव्हा चर्चमध्ये इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरं गायची. 1860 च्या दशकात अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. पुढं रेव्हरंड नारायण वामन टिळक आले. 1895 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, 1919 साली ते गेले. तेवढ्या वर्षांत त्यांनी अभंग अन् भजनं अशी शेकडो गीतं लिहिली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो, अशा अर्थाचं ते बोलत. आपल्या ओतूरला तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी मानतात, म्हणजे तो पूल काही आपल्यापासून लांबचा नाही! टिळकांचं 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं, त्यातला बहुतेक भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. त्यांनाही लहानपणी कुणी शाळेत घातलं नव्हतं. आणि आपल्याच जिल्ह्यात, केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, 1905 साली बाया-मुली एकदम मोठ्यानं प्रार्थना करायच्या, तेव्हाही लोकांनी नाकं मुरडलीच. बापजाद्यांची म्हणतो ती रीतसुद्धा एकदा कुणीतरी नवी आणलेलीच होती. हे सांगितल्यावर मोठी माणसं थोडी निवळली. पोरं काही लगेच निवळली नाहीत.

वाट सापडली ती तालमीत. नव्या गाण्यांचा सूर आम्हा बायांच्या गळ्याला झेपत नव्हता. आम्हाला वाटायचं, आपलाच गळा गेला. एकीनं धीर करून कीबोर्डवाल्या पोराला विचारलं, तर तो म्हणाला, "मावशी, आधी सांगायचं ना, एका बटणाचं काम आहे." त्यानं बटण दाबलं, काळी पाच धरली, आणि आम्ही सुखानं गायलो. वर्षभराचा राग एका बटणावर अडकला होता.

मग आजीनंच तोड काढली. नवं गाणं भजनासारखं शिकवा म्हणाली. एकीनं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी मागून उचलायची, भिंतीकडं बघायचं नाही. आता एक नवं गाणं महिनाभर चालतं, पाठ होईपर्यंत. उपासना सुरू होते ती आजीच्या अभंगानं, तेव्हा कीबोर्ड बंद, नुसते टाळ. दुसऱ्या कडव्याला पोरं हळूच सूर धरतात. ते ऐकायला फार गोड लागतं, एकदा येऊन बघा.

सगळं मिटलंय असं नाही. ड्रमचा आवाज अजून जास्तच आहे. एक घर येईनासं झालंय, त्यांच्याकडं दोनदा जाऊन आलो. तालीम संध्याकाळची होती, पण बिबट्याच्या भीतीनं आता शनिवारी दुपारी तीनला ठेवलीय. कांदा लागवडीच्या दिवसांत तीही बुडते.

या शनिवारी दोन पोरी टाळ शिकायला येणार आहेत. आमच्याकडं एक जोडी कमी पडतेय. कुणाच्या भजनी मंडळात जास्तीची असेल, तर रेडिओवर निरोप ठेवा, आम्ही न्यायला येऊ.