कोर्टाचा कागद घरी आला, तर

आज एका कागदाची गोष्ट सांगते. आमच्या गटातल्या एका काकूंची आहे. त्यांना विचारूनच सांगतेय, नाव मात्र घेत नाही.

गेल्या वर्षी बैठक संपल्यावर काकूंनी पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. चार महिने तो डाळीच्या डब्याखाली होता. कोर्टाच्या बेलीफानं आणून दिला, काकूंनी सही केली आणि 'प्रतिवादी' म्हणून स्वतःचं नाव वाचून त्या घाबरल्या. मला म्हणाल्या, "बाई गं, मी काय गुन्हा केलाय?"

काकूंनी काहीच गुन्हा केला नव्हता. तो कागद म्हणजे समन्स. अमुक तारखेला या आणि तुमची बाजू मांडा, असं कोर्टाचं बोलावणं. जो दावा लावतो तो वादी, ज्याच्यावर लावतो तो प्रतिवादी. जमीन, घर, पैसा यांचा वाद असतो तो दिवाणी दावा. त्यात आरोपी कोणी नसतो. आरोपी हा शब्द फौजदारी खटल्यातला, मारहाण-चोरीसारख्या गुन्ह्यांचा.

काकूंच्या भावानं दावा लावला होता, की वडिलांची जमीन माझ्या एकट्याची आहे. खरं तर हिंदू वारसा कायद्यात 2005 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. पण हक्क असून भागत नाही, तो कोर्टात सांगावा लागतो.

तो सांगायचा कागद म्हणजे कैफियत, आपलं लेखी उत्तर. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत ती द्यायची. अडचण असेल तर कारण सांगून 90 दिवसांपर्यंत मुदत मागता येते. आपल्या वतीनं वकिलानं काम बघावं म्हणून आपण सही करतो ते वकीलपत्र.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचा शब्द: एकतर्फी. आपण तारखेला गेलोच नाही, तर समोरच्याचं ऐकून कोर्ट दावा पुढे चालवतं. समन्स घ्यायला नकार दिला, तरी बेलीफ ते दारावर चिकटवू शकतो आणि ते मिळालं असं धरलं जाऊ शकतं. काकूंच्या बाबतीत एकतर्फी आदेश झालाच होता. निकाल तेवढा लागायचा होता.

आम्ही दुसऱ्याच दिवशी तालुका कोर्टात गेलो. तिथं विधी सेवा समिती असते. कायद्यानं कोणत्याही बाईला तिथं मोफत वकील मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. वकिलांनी आदेश रद्द करण्याचा अर्ज दिला. उशिराबद्दल काकूंना खर्च भरावा लागला, पण अर्ज मंजूर झाला आणि कैफियत दाखल झाली.

पुढं भाऊ म्हणाला, "लोकअदालतीत मिटवू, इथं अंगठा कर." तो कागद होता तडजोड पुरसीस, म्हणजे दोघांनी मिळून कोर्टाला द्यायचं लेखी. लोकअदालतीत मिटलं की त्यावर अपील नसतं. म्हणून काकू म्हणाल्या, "आधी वाचून दाखव." वाचल्यावर कळलं, त्यात हक्क सोडल्याचं एक वाक्य होतं. काकूंनी सही केली नाही. दावा अजून चालू आहे आणि काकू प्रत्येक तारखेला हजर असतात.

तेव्हा मैत्रिणींनो, कोर्टाचा कागद आला की तीन गोष्टी बघा: कोणतं कोर्ट, दाव्याचा नंबर काय आणि तारीख कोणती. कागद मिळाला तो दिवस त्यावरच लिहून ठेवा. नंतर विधी सेवा समितीत जा, नाहीतर 15100 या नंबरवर फोन करा. आणि वाचून घेतल्याशिवाय सही नाही, अंगठाही नाही.

पुढच्या बैठकीत हिशोबाची वही उघडण्याआधी एकमेकींना विचारा, "कुणाच्या घरात असा कागद पडून आहे का गं?" असेल तर त्याच आठवड्यात दोघीतिघी मिळून तालुक्याला जा.