त्या रात्रीचा जिना



२६ जुलै २००५ ची रात्र मी मुंबईत, कुर्ल्याच्या एका अनोळखी बिऱ्हाडात काढली. दुपारी गाडी वाटेतच थांबली. कमरेइतक्या पाण्यातून, एकमेकांचे हात धरून आम्ही अकराजण एका चाळीच्या जिन्याशी पोहोचलो. वरच्या आजींनी नाव-गाव, जात-पात काही विचारले नाही. "आधी अंग पुसा," एवढेच म्हणाल्या. दूध नव्हते, कोऱ्या चहावर रात्र सरली. दूरध्वनी बंद. घरची माणसे माझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली.

त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्याला अवघा ७३. मग दोष सगळा आभाळाचाच काय? समुद्राला भरती होती, शहराची जुनी गटारे तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाची होती, आणि विहार-पवईकडून माहीमच्या खाडीला जाणारी मिठी नदी आपण भराव, बांधकामे नि कचरा यांनी आवळून टाकली होती. पाणी आपल्या जुन्या वाटेने आले. त्या वाटेवर आपण बसलो होतो.

आजींच्या माणुसकीचे गोडवे जरूर गावेत. पण त्या पुरात शेकडो माणसे दगावली. त्यांना असा जिना सापडला नाही. माणुसकीच्या भरवशावर नदी बुजवणे हा त्या माणुसकीचाच अपमान आहे.

पावसाळ्याला अजून थोडा अवकाश आहे. उद्या सकाळी आपल्या गावच्या ओढ्यापर्यंत एकदा चालत जा, आणि त्याची वाट मोकळी आहे ना, एवढे पाहून या.