पंधराव्या मिनिटाचा टायर



१९ जून २००५. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसला फॉर्म्युला वनची शर्यत सुरू होणार होती. वीस गाड्या शर्यतीआधीची फेरी मारून आल्या आणि त्यातल्या चौदा सुरुवातीच्या रेषेकडे न जाता थेट पिटमध्ये शिरल्या. स्टँडमधल्या प्रेक्षकांसमोर उरल्या फक्त सहा गाड्या. ७३ फेऱ्यांची ती शर्यत त्या सहा जणांतच झाली.

माघारी गेलेल्या चौदाही गाड्यांना मिशेलिनचे टायर होते, धावलेल्या सहांना ब्रिजस्टोनचे. झालं असं होतं, की शुक्रवारच्या सरावात तेराव्या वळणावर राल्फ शूमाकरच्या टोयोटाचा मागचा डावा टायर निकामी झाला आणि गाडी भिंतीवर आदळली. ते वळण आतल्या बाजूला कललेलं आहे. गाडी तिथून भरवेगात जाते आणि टायर जोराने जमिनीवर दाबला जातो. तपासणीनंतर मिशेलिनने स्वतःच सांगितलं, की या वळणावरचा वेग कमी केला नाही तर हे टायर दहा फेऱ्यांच्या पुढे वापरू नयेत. त्या वर्षीचा नियम असा, की पात्रता फेरी आणि पूर्ण शर्यत एकाच संचावर काढायची. त्यामुळे मध्येच टायर बदलण्याची सोयही नव्हती.

या गोंधळात जॉर्डन संघाचा नारायण कार्तिकेयन चौथा आला. त्याला पाच गुण मिळाले. फॉर्म्युला वनमध्ये भारतीय चालकाने मिळवलेले ते पहिले गुण.

आता यातली महत्त्वाची गोष्ट पाहा. पात्रता फेरीत पहिला आलेला यार्नो ट्रुली मिशेलिनच्याच टायरवर होता. म्हणजे त्या टायरना पकड कमी नव्हती. कमी होता तो टिकाऊपणा. आणि हौसेने आपली गाडी ट्रॅकवर नेणाऱ्या माणसाने टायर घेताना नेमकं हेच ध्यानात ठेवायला हवं. पहिल्या फेरीत कोण जास्त चिकटतो यापेक्षा पंधराव्या मिनिटाला कोण तसाच राहतो, हे पाहून टायर निवडायचा.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं, गाडीची तपासणी करून घ्यायची आणि ठरलेल्या वेळात आपलीच गाडी बंदिस्त ट्रॅकवर मनमोकळी चालवायची. एक पाळी साधारण पंधरा-वीस मिनिटांची. समोरून वाहन नाही, आडवं येणारं जनावर नाही, पादचारी नाही. ज्यांना वेगाची ओढ आहे त्यांनी ती एक्सप्रेसवेवर भागवण्याऐवजी इथे भागवावी, यात सगळ्यांचंच भलं आहे.

आपल्याकडे चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईला ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे, कोइंबतूरला कारी मोटर स्पीडवे आहे आणि ग्रेटर नोएडाला २०११ मध्ये सुरू झालेलं, पाच किलोमीटरहून थोडं मोठं बुद्ध सर्किट आहे. महाराष्ट्रातून हे ट्रॅक लांब आहेत. पुण्याहून चेन्नई साधारण बाराशे किलोमीटर. म्हणजे इथला हौशी चालक जो टायर निवडतो, त्याला ट्रॅक तर सोसायचाच असतो, शिवाय जाऊन-येऊन अडीच हजार किलोमीटरचा हमरस्ता, त्यावरचे खड्डे आणि वाटेत गाठणारा पाऊसही सोसायचा असतो.

ट्रॅकवर टायरचा खरा शत्रू आहे उष्णता. टायर रस्त्याला टेकतो तिथे चपटा होतो आणि पुढच्या क्षणी पुन्हा गोल होतो. लोखंडी तार पुढे-मागे वाकवत राहिलं की वाकवलेल्या जागी ती हाताला गरम लागते, तसंच रबराचं होतं. वळणावर तर टायर बाजूलाही ओढला जातो, त्याच्या नक्षीचे ठोकळे मुडपतात, घासतात. त्यात तापलेल्या ब्रेकची धग रिममधून आत येते. रस्त्यावर दोन वळणांमध्ये टायरला निवायला वेळ मिळतो. ट्रॅकवर तो मिळत नाही.

थोडी उष्णता हवीच. रबर कोमट झालं की त्याची पकड वाढते. पण प्रत्येक मिश्रणाची एक मर्यादा असते. ती ओलांडली की स्टिअरिंग गुळगुळीत लागू लागतं, गाडी वळणाबाहेर सरकू लागते आणि ब्रेकला अंतर जास्त लागतं. त्याहून पुढे गेलं तर नक्षीचे तुकडे निघायला लागतात. घरच्या गाडीसोबत कंपनीकडून येणारे टायर इथे लवकर हात टेकतात. यात त्यांचा दोष नाही. पेट्रोल वाचावं, आवाज कमी यावा, पन्नास हजार किलोमीटर सहज निघावेत, यासाठी ते घडवलेले असतात. शिवाय नव्या टायरची नक्षी सात-आठ मिलिमीटर खोल असते. ठोकळे जितके उंच, तितके ते जास्त मुडपतात आणि तितके जास्त तापतात. त्यामुळे कोरी करकरीत नक्षी ट्रॅकवर फायद्याची ठरतेच असं नाही.

मग टायर निवडायचा कसा? बरीचशी माहिती टायरच्या बाजूवरच छापलेली असते. समजा लिहिलंय, २०५/५५ आर १६ ९१ डब्ल्यू. रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, रेडियल बांधणी, १६ इंची रिम. ९१ हा भाराचा आकडा. त्याचा अर्थ एक टायर ६१५ किलो वजन पेलू शकतो. डब्ल्यू हे अक्षर वेगाचं, ताशी २७० किलोमीटरपर्यंत. एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०, वाय म्हणजे ३००. ‘माझी गाडी काही २७० ने पळत नाही, मग डब्ल्यू कशाला?’ असं कोणालाही वाटेल. पण वरचं अक्षर मिळवायला टायरला जास्त वेगात, म्हणजेच जास्त उष्णतेत तग धरावा लागतो. ट्रॅकवर हीच क्षमता कामी येते. भाराचा आकडा मात्र गाडीच्या कंपनीने सांगितला आहे त्याच्या खाली कधीही उतरू नये.

त्याच बाजूवर एक चार आकडी संख्या असते. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. गोदामात चार वर्षं पडून राहिलेला महागडा टायर स्वस्तात मिळतो म्हणून ट्रॅकसाठी घेऊ नये. रबर वयाने कडक होतं, मग नक्षी कितीही शाबूत दिसो.

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायरवर ‘ट्रेडवेअर’ नावाचा आणखी एक आकडा असतो. टेक्सासमधल्या सॅन अँजेलोजवळच्या ठरावीक रस्त्यावर सुमारे साडेअकरा हजार किलोमीटर गाडी चालवून झीज मोजतात आणि प्रमाण टायरशी तुलना करतात. प्रमाण टायर १०० धरला, तर २०० आकड्याचा टायर दुप्पट टिकावा, ही कल्पना. मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट फोर एसवर ३०० आहे, हानकूकच्या व्हेंटस आरएसफोरवर २००, टोयोच्या आर ट्रिपल एट आरवर १००. आकडा जितका खाली, तितकं रबर मऊ आणि आयुष्य कमी, असा ढोबळ हिशेब मांडता येतो. पण आंधळा विश्वास नको. हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते. अमेरिकेतल्या हौशी स्पर्धांत साध्या टायरच्या गटासाठी किमान २०० ची अट घातली गेली, तेव्हापासून बरोबर २०० छापलेले, पण स्वभावाने फार वेगवेगळे असे कितीतरी टायर बाजारात आले. काही एका फेरीसाठी जबरदस्त आणि चौथ्या फेरीत थकणारे, काही सुरुवातीला थोडे मंद पण वीस मिनिटं एकसारखे. हा फरक आकड्यात दिसत नाही. त्यासाठी ट्रॅकवर गाडी चालवणाऱ्यांना विचारावं लागतं आणि प्रश्नही नेमका हवा. ‘टायर चांगला आहे का?’ असं विचारून उपयोग नाही. ‘पाळीच्या शेवटी पकड सुटते का? किती पाळ्या निघाल्या? गाडी कोणती, वजन किती?’ असं विचारावं.

विक्रमांच्या बातम्याही याच नजरेने वाचाव्यात. २०१७ मध्ये पोर्शच्या ९११ जीटीटू आरएसने जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगच्या जुन्या ट्रॅकची फेरी ६ मिनिटं ४७.३ सेकंदांत पुरी केली. टायर मिशेलिनचे, पायलट स्पोर्ट कप टू. कामगिरी थक्क करणारी, यात शंका नाही. पण ती एका फेरीची आहे. कप टूसारख्या टायरना खाचा कमी असतात. कोरड्या डांबरावर त्यांचा तो गुण आहे, साचलेल्या पाण्यात तोच धोका. चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस कोसळतो आणि जून ते सप्टेंबर आपला घाट ओला असतो. अशा टायरवर बसून पुण्याला परतणाऱ्याला रस्त्यात पाणी दिसलं की वेग अर्ध्यावर आणण्यावाचून इलाज नसतो. ज्याला ट्रॅकचे टायर हवेतच, त्याने ते दुसऱ्या रिमवर बसवून टेंपोत घालून न्यावेत आणि ट्रॅकवर बदलावेत. खर्च वाढतो, पण तो मार्ग निर्धोक आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्याला चांगल्या कंपनीचा, उन्हाळी, वेगवान गाड्यांसाठीचा रस्त्यावरचा टायर पुरेसा आहे. त्याचं एक मोठं कारण आहे. असा टायर सुटण्याआधी सांगतो. आधी हलकं कण्हतो, मग किंचाळतो, मग सरकतो. चालकाला चूक कळायला आणि सावरायला वेळ मिळतो. अतिचिकट टायर गप्प राहतो आणि सुटतो तेव्हा एकदम सुटतो, तोही जास्त वेगात. शिवाय पकड वाढली की ताणही वाढतो. ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, सस्पेन्शनचे बुश, चाकाचे बेअरिंग, सगळ्यांवर. लांब वळणात इंजिनचं ऑइल एका बाजूला जमा होऊन पंपाला कमी पडू शकतं. साध्या ब्रेकवर अतिचिकट टायर घालणाऱ्याचे पैसे चुकीच्या जागी जातात. आधी ब्रेक ऑइल आणि पॅड, मग टायर, हा क्रम बरा.

टायर घेऊन झाला, तरी निवड संपत नाही. हवा किती ठेवायची हे ट्रॅकवरच ठरतं. सकाळी ३० अंशांत थंड टायरमध्ये २८ पीएसआय भरली आणि पाळीत आतली हवा ७० अंशांवर गेली, तर दाब ३३ ते ३४ होतो. म्हणजे कोणी काही न भरता टायर पाच-सहा पीएसआयने फुगला. फुगलेला टायर मधोमध टेकतो, खांद्यांना काम उरत नाही आणि पकड घटते. म्हणून पाळी संपवून पिटमध्ये आल्या आल्या, टायर निवण्याआधी, गेज लावायचं, चारही आकडे वहीत लिहायचे आणि वाढलेली हवा काढायची. नायट्रोजन भरला तरी दाब वाढतोच. तो कोरडा असल्यामुळे वाढ जरा ठरलेल्या मापात होते, इतकंच.

हवा फार काढली तर उलटा त्रास. तो कसा ओळखायचा? पाळीआधी खडूने टायरच्या खांद्यावर, नक्षीवरून बाजूपर्यंत, एक जाड पांढरी रेघ ओढायची. परत आल्यावर ती कुठपर्यंत पुसली गेली ते वाकून पाहायचं. खांद्याच्या कडेपर्यंत पुसली असेल तर ठीक. खाली बाजूवरच्या अक्षरांपर्यंत पुसली असेल तर टायर मुडपतोय, एक-दोन पीएसआय वाढवावी. रेघ खांद्यावर शाबूत असेल तर हवा जास्त आहे. त्याच वेळी नक्षीवरून हात फिरवावा, पण टायर चटका देणार नाही इतका निवल्यावर. एका दिशेला मऊ आणि उलट दिशेला करवतीसारखं लागलं, तर अलाइनमेंट बघायला हवं. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या आपल्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या टायरचा बाहेरचा खांदा आधी खातात, कारण वळणावर चाक बाहेरच्या बाजूला कलतं. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त, म्हणून पुढचा डावा टायर सगळ्यात आधी झिजतो. तो रोज पाहिला तर बाकी तिघांचा अंदाज येतो.

मोटरसायकलवाल्यांचं गणित थोडं वेगळं आहे. हमरस्त्यावर बाराशे किलोमीटर सरळ चालवलं की मागच्या टायरचा मधला भाग चपटा होतो, आणि वळणात गाडी झोपवताना त्या चपट्या कडेवरून जाताना ती अडखळते. म्हणून अनेक जण मोटरसायकल ट्रकने पाठवतात. दोनच टायर असतात आणि प्रत्येकाचा रस्त्याला टेकणारा भाग तळहाताएवढाही नसतो. त्यामुळे थंड टायरवर पहिल्या दोन फेऱ्या सबुरीने काढणं इथे जिवाच्या मोलाचं आहे.

शेवटची पाळी झाली की लगेच घराकडे निघू नये. अखेरची फेरी ब्रेक न वापरता हळू मारावी, म्हणजे ब्रेक आणि टायर दोन्ही निवतात. गाडी उभी करताना हँडब्रेक ओढू नये. गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावावा, नाहीतर तापलेले पॅड डिस्कला धरून बसतात. अर्ध्या तासाने चारही टायर हाताने चाचपावेत, आतली बाजूही. फुगा आला असेल, चीर असेल किंवा खांद्यातून आतले धागे डोकावत असतील, तर तो टायर तिथेच बाद करून स्टेपनी लावावी. नक्षीच्या खाचेतल्या झिजेच्या खुणा १.६ मिलिमीटरवर असतात, तिथपर्यंत झीज आली असेल तर पावसात त्या टायरवर निघू नये. सगळं ठीक असेल, तर दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेली हवा पुन्हा भरावी, चाकांचे नट पान्याने आवळावेत आणि मग हमरस्त्याला लागावं.