लाल गाडी आणि चोर्ल्याचा पाऊस

(मंडळाच्या गणेशोत्सवातील ‘अनुभवाचे बोल’ या कार्यक्रमात आम्ही उभयतांनी केलेले भाषण)



या व्यासपीठावर आजवर मोठमोठी माणसं बोलून गेली. आम्हाला कार्यकर्त्यांनी विषय दिला तो असा : ‘तुमची ती लाल गाडी कुठं गेली?’ गल्लीतली पोरं अजून हेच विचारतात. तेव्हा एकदाच माइकवरून उत्तर देतो.

उद्यमबागेत वीस-बावीस वर्षं वर्कशॉप चालवल्यावर आम्ही एकच चैन केली. जुनी, पण निगुतीनं वापरलेली स्पोर्ट्‌स कार घेतली. आसनं दोन, छप्पर उघडणारं, ताकद मागच्या चाकांना. ऑक्टोबर ते मे ती गाडी म्हणजे निव्वळ सुख होतं. पहाटे छप्पर उघडायचं, जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्याला लागायचं आणि चोर्ला घाट उतरून गोव्यात शिरायचं. एप्रिलमध्ये खाली उतरलं की काजूच्या बोंडांचा वास थेट अंगावर येतो. बंद काचेच्या गाडीत तो कळत नाही.

जून उजाडला की गाडी गॅरेजात. तिचं पोट जमिनीपासून जेमतेम सव्वाशे मिलिमीटर वर. टायर रुंद आणि कमी खाचांचे. कोरड्या रस्त्याला असा टायर घट्ट चिकटतो, पण साठलेल्या पाण्यावर वेगात गेला की पाणी बाजूला सारू शकत नाही आणि त्यावर तरंगू लागतो. मग स्टेअरिंग फिरवा नाहीतर ब्रेक दाबा, गाडीला काही ऐकू येत नाही. त्यामुळं चार महिने गाडी आवरणाखाली कोरडी आणि आम्ही स्कूटरवर रेनकोटात ओले! शेजारी हसायचे. आम्हीही हसायचो.

हसणं थांबलं ते अप्पांमुळं. अप्पा म्हणजे आमच्यापैकी एकीचे वडील आणि दुसऱ्याचे सासरे. ते एकटे राहायचे गोव्यात, सत्तरी तालुक्यात. ‘वय ऐंशीच्या पुढं गेलं, तरी मी अजून सत्तरीतच,’ हा त्यांचा ठरलेला विनोद. आमची गाडी त्यांनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा वाकून आत डोकावले आणि म्हणाले, “जावईबापू, बसेन कसाबसा. पण उठवायला चार माणसं आणावी लागतील!”

तीन वर्षांपूर्वी जुलैमधल्या एका रात्री नऊ वाजता त्यांच्या शेजाऱ्यांचा फोन आला. अप्पा अंगणात घसरून पडले होते. आम्ही लाल गाडी काढली आणि निघालो. कणकुंबी गाठेपर्यंत पावसानं पुढचं काही दिसेना. पुढं एका वळणावर रस्त्यावरून घोटाभर पाणी आणि चिखल वाहत होता. गाडीचं मागचं अंग दोनदा हातभर सरकलं. खाली अंधारात दरी. आम्ही एकमेकांकडं पाहिलं आणि गाडी वळवली.

अप्पांना शेजाऱ्यांनी आपल्या पिकअपमधून रुग्णालयात नेलं. आम्ही पोहोचलो ते दुसऱ्या दिवशी दुपारी, भाड्याच्या जीपनं. खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, अप्पा सावरले. आम्हाला ते एका शब्दानं बोलले नाहीत. उलट, ‘रात्रीचे आला नाहीत ते बरं केलंत,’ म्हणाले. पण त्यांना बेळगावला आणायची वेळ आली तेव्हा आमच्या दारातल्या गाडीत त्यांना बसवायला जागाच नव्हती. दोन आसनांच्या गाडीत तिघांपैकी एकानं मागं राहायचं असतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

दोन्ही गाड्या ठेवायची ऐपत नव्हती, हे सांगायला लाज कसली? दसऱ्याच्या आधी लाल गाडी अदलाबदलीत दिली आणि वरती पैसे घालून चारही चाकं ओढणारी, ऑल व्हील ड्राइव्ह गाडी घेतली. एक व्यवहाराची गोष्ट सांगतो : विम्यातला नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. तो नव्या गाडीच्या विम्यात मागून घ्या. आमचे पैसे वाचले ते तिथं.

आता पोरांसाठी थोडं वर्कशॉपचं बोलतो. महिंद्रांनी १९४७ साली आपल्याकडं विलीज जीप जोडायला घेतली, १९८५ साली जिप्सी आली. त्या फोर बाय फोर. लिव्हर टाकला की पुढची आणि मागची चाकं एकाच गतीनं फिरायला बांधली जातात. पण वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबचा फेरा पडतो. चिखलात चाक जरा घसरून तो फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नाही, म्हणून सगळा ताण गिअरवर येतो. तिथं तो लिव्हर टाकायचा नसतो. आमच्या नव्या गाडीत एरवी पुढचीच चाकं ओढतात. ती निसटायला लागली की मधला क्लच आपसूक मागच्या चाकांना ताकद देतो. वर्षभर रोज वापरायला म्हणून ही सोयीची.

खरं सांगायचं तर चोर्ल्याच्या डांबरी रस्त्याला चारही चाकांची ताकद लागतेच असं नाही. तिथं कामाला येतात चांगल्या खाचांचे टायर आणि गाडीचं उंच पोट. ताकद लागते ती अप्पांच्या घराच्या शेवटच्या चढावर. लाल माती, त्यात शेवाळलेला जांभा. तिथं लाल गाडी कधी चढलीच नव्हती.

आणि ही गाडी काय करत नाही, तेही ऐका. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतो, त्यामुळं ही काही लवकर थांबत नाही. लवकर सुटते एवढंच, आणि त्यानंच माणूस फसतो. टायरच्या खाचेत १.६ मिलिमीटर उंचीची खूण असते, टायर तिथवर झिजला की कायद्यानंही संपला. चारही टायर सारखेच झिजलेले हवेत, नाहीतर मधल्या क्लचवर ताण येतो. पेट्रोलही जास्त खाते.

गेल्या वर्षी चवथीच्या आदल्या दिवशी आम्ही अप्पांना घेऊन सत्तरीला निघालो. पावसाळ्यात आता ते आमच्याकडंच असतात, पण चवथ घरच्या गणपतीपुढं, माटोळीखालीच व्हायला हवी. घाटाच्या अलीकडं एका मोरीवरून पाणी जोरात वाहत होतं. फूटभर वाहतं पाणी लहान गाडी उचलतं आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्यांना ओढून नेतं. आमचा पाय ब्रेकवर, पण मन मात्र म्हणत होतं, चारही चाकं ओढतात की, जाईल! तेवढ्यात मागच्या आसनावरून अप्पा म्हणाले, “वळवा. तेव्हा वळवलीत, तशीच आताही वळवा.”

दोन वर्षं मनात सलत होतं ते त्या वाक्यानं थोडं हलकं झालं. गाडी वळवली. रात्र कणकुंबीत ओळखीच्यांकडं काढली, पहाटे पाणी उतरल्यावर निघालो. शेवटच्या चढावर चाकं जरा फिरली, मग पकड आली आणि गाडी अंगणात जाऊन उभी राहिली. अप्पांनी स्वतः दार उघडलं, काठी टेकली आणि उतरले. धरायला आलेल्या शेजाऱ्यांना म्हणाले, “चार माणसं नकोत. अजून वेळ आहे!”

लाल गाडी सोलापूरकडच्या एका तरुणानं नेली. तिकडं पाऊस कमी, ती सुखात असेल. एप्रिल आला की आम्हाला तिची आठवण येते, नाही असं नाही. मग काजूच्या बागा लागल्या की आम्ही चारही काचा खाली करतो. अप्पा मागून म्हणतात, “वास येतोय बरं का!”

घाटातून जपून या-जा.

गणपती बाप्पा मोरया!